शेपटीजवळचा काप

वाचनखोलीत दिवा लावत नाहीत.
दोन पडदे, दोन्हींवर एकच माणूस:
त्साइ वान-फा, वय त्रेसष्ट, तुंगकांग बंदर.
घशाचा कॅन्सर. पस्तीस वेळा किरणं.
त्याला आता चौदा महिने झाले.

सीटी म्हणतो, काहीतरी आहे.
व्रण असेल, सूज असेल, तोच परत आला असेल.
भाजलेल्या जमिनीत काय रुजलंय
हे त्याला वरून ओळखता येत नाही.

म्हणून सोमवारी टेक्नेशियम दिलं.
मितभाषी; सहा तासांनी अर्धं होतं.
त्याचं चित्र म्हणजे धुक्यातली जेट्टी:
विझत आलेल्या लाळग्रंथी, थायरॉईडचा पुसट पतंग,
आणि घशात काही नाही.

बुधवारी साखर दिली.
किरणं सोडणारी, घाईची,
दोन तासांच्या आतच अर्धी.
चांगलं बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडो म्हणतात;
इथे साखरच बातमी आणते.
डाव्या स्वरपट्टीवर ठिपका,
पिकल्या पपईच्या गराएवढा केशरी.

पण साखरेला मुंग्या येतात तसे मुंगळेही.
सूज गोड खाते.
भरत आलेल्या जखमेलाही भूक असते.

योउ बाईंनी आणि मी, रिवाजाप्रमाणे,
एकमेकांना न विचारता वाचलं.
त्यांनी लिहिलं: परतला आहे.
मी लिहिलं: सांगता येत नाही,
आणि लिहिताना मला माझीच लाज वाटली.

मग नर्स म्याओ-यिंग सहज म्हणाली,
हे आजोबा सुईनंतर तासभर बोलतच होते.

बोलायचं नसतं.
उजवी पट्टी हलत नाही त्यांची,
डावी एकटी दोघींचं काम करते,
आणि राबणाऱ्याला साखर लागतेच.

शेजारच्या खाटेवरच्या पोराने विचारलं होतं,
कुपा चांगला कसा ओळखायचा?
चाळीस वर्षं लिलावात मासा पारखलेला माणूस
गप्प कसा बसेल?

मी त्यांना दोन्ही चित्रं दाखवली.
ते पडद्याला नाक लावून पाहत राहिले.
पहाटे चारला ओल्या फरशीवर
टॉर्च घेऊन वाकत असतील, तसे.
मग घोगऱ्या आवाजात म्हणाले,
“उजेड दोन्ही बरे आहेत.
पण शेपटीजवळ काप घेतल्याशिवाय
मी कधी भाव सांगितला नाही.”

गुरुवारी काप घ्यायचं ठरलं.
त्यांनी टोपी घातली, दारापर्यंत गेले,
परत आले.

“त्या पोराला अर्धंच सांगून झालंय.
चरबी दोन बोटांत कशी विरघळायला हवी, ते राहिलं.
आता बोललं तर चालेल?”

बोला, म्हटलं.