मामा वाट चुकतो

जांबोटीच्या पुढच्या फाट्यावर कणकुंबीची बस मला टाकून गेली
तेव्हा साडेदहा झाले होते, आणि वहीत
सात महिन्यांपूर्वीचं एकच वाक्य:
'एका गावात एक मोजणीदार होता.'
पुढं काही नाही.
तो मीच, हे लपवण्यात सात महिने गेले.

खानापूरच्या कचेरीत सत्तावीस वर्षं मी साखळी ओढली.
कुणाचा बांध कुठं सरकला ते मला विचारा.
गोष्टीची हद्द तेवढी सापडेना.
शिपाई म्हणाला, रानात सगू वरक म्हणून एक गवळी-धनगरीण आहे,
तिच्याकडच्या गोष्टी म्हणजे ताक,
दारात आलेल्याला नाही म्हणत नाही.

ती म्हणाली, नाही.
म्हशीच्या कानामागचं गोचीड काढत, माझ्याकडं न बघता:
'दिसाची गोष्ट सांगू नये वो. मामा वाट चुकतोय.'
कुणाचा मामा?
'कुणाचा का असंना.
रानात गेलेला माणूस कुणाचा तरी मामा असतोयच की.'

दिवा लागेस्तोवर बसा, म्हणाली.
मी बसणारा नव्हे. म्हटलं, तोवर जरा फिरून येतो.

वाट होती,
मग अर्धी होती,
मग नुसता पाचोळा.
मगरीच्या पाठीची साल असलेला एक ऐन,
त्यावर वनखात्यानं कन्नडात रंगवलेला सत्तेचाळीस.
थोड्या वेळानं पुन्हा सत्तेचाळीस.
तिसऱ्यांदा भेटला तेव्हा मी त्याला नमस्कार केला.
हयातभर लोकांच्या जमिनीला दिशा दाखवणाऱ्या माझ्या
खिशात होकायंत्र होतं,
आणि ते बरोबर उत्तर दाखवत होतं,
उत्तरेला जायचं नव्हतं एवढंच.

ऐनाच्या पलीकडं देवाचं रान.
तिथली काडी उचलायची नाही.
पडलेलं फळसुद्धा पडू द्यायचं.
शब्द उचलला तर चालतो काय,
विचारायला कुणी नव्हतं.
पेन मी खिशात घातलं.
डोक्यावरून धनेश गेला, पंखांचा आवाज असा
की कुणी जुनं घोंगडं झटकतंय.

तेव्हा भाची आठवली.
शहापुरातली शांभवी, चौथीतली,
मधल्या सुट्टीत सहनाला गोष्टी सांगणारी,
भर दुपारी, डबा उघडा टाकून:
'ओंद ऊरल्ली ओब्ब मामा इद्द...'
घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा.
हसू आलं. मग नाही आलं.

अंधार पडला तसा झाडांमध्ये एक ठिपका पेटला.
तेवढाच धरून आलो, करवंदीच्या जाळीतून,
सदरा फाडून घेत.
सगूनं विचारलं नाही कुठं होता.
विचारलं, 'देवाच्या रानातनं काय आणलासा?'
काही नाही म्हणत वही उघडून दाखवली
तर त्या एकाच वाक्यावर
एक वाळकं पान येऊन बसलेलं.
'पान उद्या परत ठेवायचं,' ती म्हणाली.
'लिवलेलं ऱ्हाऊ दे. ते तुमचंच दिसतंय.'

मग वात थोडी वर सारून तिनं सुरुवात केली.

सकाळी पान ठेवून आलो. या खेपेला वाट सरळ होती.
जांबोटीत रेंज आली तसा फोन लावला:
शांभवी, काल गोष्ट सांगितलीस?
'हो. एक मामा रानात झाडं मोजायला जातो.'
मग?
'मग घंटा झाली.'
म्हणजे तो अजून तिथंच?
'तिथंच की. आज सुट्टीत सांगते पुढचं.'
नको, म्हटलं. रात्री सांग.
ती म्हणाली, रात्री सहना कुठं असते?

सगूची गोष्ट आता वहीत आहे, सगळी, अडतीस पानं.
इथं लिहीत नाही.
तुम्ही हे कधी वाचताय मला ठाऊक नाही,
खिडकीत ऊन असेल,
आणि तुमच्या घरचं कुणीतरी
आत्ता, या घटकेला,
चोर्ल्याच्या घाटात वळण घेत असेल.