खुणेची दोरी

पाऊस उघडल्यापासून, ऊन पडलं की रोज
मी गीतांचं पुस्तक मागल्या दारी सुपात घालते.
गव्हातले किडे पळाले,
पुस्तकाची बुरशी तशीच आहे.

रविवारची उपासना सुटली, तशा दोघी आल्या.
नीलव्वा उपासनेला नसतेच. ती कुंपणातून आली,
पदराखाली उकडलेल्या ओल्या शेंगांचं पातेलं.
"एनव्वा, देवाच्या पुस्तकाला पण वाळवण काय?"

फिलोमीना पेरूखाली टेकली, चपला बाजूला.
भिंतीवर एक काळापांढरा, शेपूट वर करून.
"दयाळ," मी म्हटलं.
"मडिवाळ," नीलव्वा म्हणाली. "परीट हो तो.
पांढरं वेगळं, काळं वेगळं, कसं धुऊन ठेवलंय बघ की."
"सुकणें," फिलोमीनानं मिटवून टाकलं.
खानापुरात चाळीस वर्षं झाली, तिला सगळे पक्षी सुकणेंच.

रिबेकाबाई शेंगा फोडत होती.
"नाव काय का असेना, मेला पहाटे साडेपाचला लागतो.
मी खाटेवर मनातल्या मनात त्रेसष्ठावं धरतो
आणि हा मधेच वरची पट्टी घेतो."
त्रेसष्ठावंच का, तर त्यात श्वासाला जागा आहे.
दम्याच्या बाईनं दुसरं काय निवडावं?

फिलोमीनाचं मरियेचं, आईबरोबर घाट चढून आलेलं,
निम्मे शब्द पोर्तुगीज, अर्थ माहीत नाही.
"कळ्ळं असतं तर आवडलं नसतं गे कदाचित."
नीलव्वाचं एक वचन. ती ते गाते थोडं, सांगते फार,
भाकरी थापल्यासारखे हात हलवत,
आणि शेवटी देवाचं नाव आलं की
तोंडातली शेंगही चावायची थांबते.

"आणि तुझं गं?"
माझं नाही, म्हटलं, सासूबाईंचं.
तांबडी दोरी आहे त्या पानात,
त्या गेल्यापासून मी हलवली नाही.
पुस्तक उघडलं.
दोरी नव्हती.
शिवणीपाशी चार तंतू, उपटल्यासारखे.

"उंदीर," रिबेकाबाई म्हणाली. "नाहीतर झुरळ."
नीलव्वा उठली, अंजिराखाली वाकली,
आणि तोंडावर बोट ठेवून आम्हाला बोलावलं.
एक पान दुमडलेलं. कडा टाचलेल्या,
कापसानं, कोळ्याच्या जाळ्यानं,
आणि मधे तीन टाके तांबडे.
वर फांदीवर शिंपीण, अंगठ्याएवढी,
आम्हा चौघींना शिव्या देत होती.

आता गीत कुठलं, हा प्रश्न राहिला.
मला आकडा आठवेना. रोज दोरीला धरूनच उघडायचे,
आकडा कोण बघतो?
"एकशे अठरा." "छे, त्यात नदी होती,
मलप्रभा पुलाला लागली की त्या तेच म्हणायच्या."
"तांदूळ निवडताना म्हणायच्या," फिलोमीना म्हणाली,
"खडा सापडला की थांबायच्या."

तेवढ्यात नीलव्वा गुणगुणायला लागली.
शब्द नाहीत, नुसतं तोंड मिटून.
देवळाची पायरी न चढलेली बाई,
तीस वर्षं कुंपणापलीकडे भांडी घासत
तिनं चाल पाठ केली होती,
सासूबाईंचा खड्यापाशी थांबायचा थांबासुद्धा.
मी सूप उचललं, उगीचच, परत ठेवलं.

रिबेकाबाईनं चष्मा लावला, पानं उलटली.
"अगं पण ह्या चालीवर चार गीतं आहेत!"
आम्ही हसलो. शिंपीण आणखी चिडली.
मग हळू आवाजात दोन म्हणून बघितली,
दोन्ही खरी वाटली. बाकीची दोन राहिली,
नीलव्वाची म्हैस ओरडायला लागली होती.

तिन्हीसांजेला पुस्तक आत घेतलं,
तर चार पानांत शेंगेची चार टरफलं.
कुणी घातली, मी विचारलं नाही.