नऊ फुटी

उम्म सुकीमच्या दुकानात मी बोट ठेवलं
लाल, टोकदार, सहा फुटी सर्फबोर्डवर.
रोडेलनं आधी माझं पोट पाहिलं,
मग गुडघे.
"वजन?"
ब्याऐंशी.
"खरं?"
चौऱ्याण्णव.

आतून ओढत आणला त्यानं
दाराएवढा, फोमचा, निळा,
कडेला कुणाच्या तरी कुत्र्याचे दात.
"इथली लाट आळशी. शमाल सुटला तरच उठते.
तिला रुंद पाठ द्यावी लागते."

व्हिडिओ कॉलवर हेमांगी:
"इस्त्रीचं टेबल घेतलंस का?"

रविवारी वारा सुटला.
तीनदा पडलो, नाकात खारं पाणी.
चौथ्यांदा गुडघ्यांवरच राहिलो
आणि तो धूड मला घेऊन निघाला
थेट वाळूपर्यंत,
उभा राहा, असं काही
म्हणाला नाही.