अळणी

डॉक्टर नाबर म्हणाले, मीठ बंद. पंधरा दिवस.
मासे बंद, सुकट बंद, समुद्रातलं काहीच नको.
रोहिदास माझ्या हातांकडे बघत राहिला:
तळव्यांना भेगा, भेगांत शिरोड्याचं पांढरं,
वीस उन्हाळे फळी ओढून साचलेलं.

सासू म्हणाली, "मिठागरातल्या बाईक मीठ वर्ज्य?
उद्या माशाक सांगतीत, पाण्यात जाव नको."

गळ्यात सुपारीएवढी गाठ होती. ती कापून काढली.
मंगळसूत्राच्या जरा वर आडवा वण राहिला.
"पण कण उरतात," डॉक्टर म्हणाले,
"त्यांना आयोडीनची भूक असते.
आधी उपाशी ठेवायचं, मग किरणांचं आयोडीन वाढायचं."
हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.
भुकेली कुर्ली आमिष सोडत नाही.
रोगाचं नाव तरी तिचंच आहे.

गोळ्याही थांबवल्या. ऐन मे महिन्यात
मी चादर लपेटून दाराशी बसायचे.
समोर वाफ्यांत शेजारणींच्या पाठी वाकलेल्या,
ढिगांवर ऊन, बघवत नसे.
अळणी पेज प्यायचे.
चव नव्हती, असं लिहिणार होते.
होती. तांदळाची होती.
इतकी वर्षं मिठाखाली दबून होती बिचारी.

मग गोव्याकडच्या इस्पितळात ती खोली.
शिशाचं भांडं, भांड्यात नळी, नळीत एक कॅप्सूल,
भाताच्या शितापेक्षा जरा मोठी.
फिलोमिना म्हणाली, "गिळा, चावू नका,
आणि मी दाराआड जाते, राग मानू नका हां."
राग कसला?
बाहेर बसायची सवय होती मला,
महिन्याचे चार दिवस, कोपऱ्यातली चटई, वेगळा तांब्या.
तेव्हा मी विटाळ होते.
आता माझ्या आत औषध होतं, आणि तरीही
ताट दाराशी ठेवून पावलं मागे वळत.

लिंबाच्या फोडी चोखल्या. पाणी प्याले, तांब्यामागून तांब्या.
तोंडाला गंजक्या खिळ्याची चव.
रोज सकाळी ती लांबून यंत्र धरायची,
ते टिकटिक करायचं, भिंतीवरच्या पालीसारखं,
दर दिवशी थोडं कमी.
"आठ दिवसांत निम्मं," ती म्हणाली,
"पुढच्या आठांत त्याच्या निम्मं."
आमचं पाणीही वाफ्यात असंच आटतं.
फक्त आमच्याकडे तळाशी काहीतरी उरावं म्हणून आटवतात.

शेवटी कॅमेरा. नाकाला टेकेल इतकी खाली पाटी आली,
आणि हलू नका म्हणाले, म्हणून मी श्वासही मोजून घेतला.
पडद्यावर मी नव्हतेच.
जिथे आयोडीन थांबलं तिथे काळे डाग:
तोंडात, पोटात, ओटीपोटात. ते असणारच म्हणे.
गळ्यात एक. तो जाईल म्हणे.
आणि छातीत उजवीकडे, मोहरीएवढा.
त्याच्याबद्दल डॉक्टर लगेच काही म्हणाले नाहीत.
चष्मा पुसला. "नोव्हेंबरात परत बघू."

घरी आल्यावर मिठाच्या कोठारात अंथरूण.
फळीच्या दांड्याने रोहिदासने अंतर मोजलं,
तिथे एक करवंटी ठेवली,
सर्वेशने त्याच्या अलीकडे यायचं नाही.
पाच वर्षांचं पोर, करवंटीला पायाचा अंगठा लावून उभं:
"आये, तू काळोखात चमाकतंस?"
मी कंदील फुंकला.
तो बराच वेळ बघत राहिला.
"नाय," म्हणाला. जरा हिरमुसून.

मीठ सुरू झालं त्या दिवशी रोहिदासने पिशवीतलं नाही,
आमच्याच ढिगातलं आणलं, खडा.
जिभेवर ठेवला. खारट लागला.
डोळ्यांत पाणी आलं, तेही खारट, त्यात नवल काय.

नोव्हेंबरात बांध घालायची वेळ असते.
तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे, दुधाच्या हिशेबाखाली.
रोहिदासला सांगून ठेवलंय,
माझा वाफा कुणाला देऊ नको.