वादी

रात्रपाळी सुटते सातला.
शुक्रवारी मी हॉस्पिटलच्या व्हॅनमध्ये बसत नाही.
मारिविक सेबूला कायमची परतली तेव्हा
तिची निळी सायकल मला देऊन गेली.
पुढे टोपली, मागे न पेटणारा दिवा,
आणि घंटी अशी,
की सलाईन संपल्यावर यंत्र ओरडतं तसा आवाज.
म्हणून मी ती वाजवत नाही.

वाजवायची वेळही येत नाही म्हणा.
हायवे ओलांडला की सहम गाव मागे पडतं
आणि रस्ता इतका सपाट,
की पाय थांबवले तरी
हातातला विचार संपेपर्यंत सायकल चालत राहते.
डावीकडे लिंबं, खजूर, चाऱ्याचे हिरवे चौकोन,
कुंपणावर वाळणारी मोफिजुलची लुंगी.
उजवीकडे नदी.

नदी म्हणायचं ते पाटी म्हणते म्हणून.
पाटीवर ‘वादी’, आणि पुढे तिचं नाव.
रस्ता पात्रात उतरतो तिथे
दोन्हीकडे तांबडे-पांढरे खांब उभे आहेत,
पाणी कुठवर चढलं की गाडी घालायची नाही
हे सांगायला.
पाच वर्षांत मी त्या खांबांपाशी
शेळ्या पाहिल्या,
पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची पाहिली,
आणि एकदाच, नखाएवढी ओल.
आमची कादवाही उन्हाळ्यात आटते,
पण तिची उंची मोजायला
कुणी शिपाई उभे केलेले नाहीत.

पुढच्या वळणावर खमीसबाबांचं शेत.
बाग म्हणावी इतकं नाही,
पाण्याच्या जुन्या पाइपांचा मांडव
आणि त्यावर चार वेली.
पहिल्यांदा दिसला तेव्हा
मी सायकलवरून उतरले कधी, ते कळलंच नाही.
ब्रेक लावल्याचंही आठवत नाही.

माझी अरबी वॉर्डातली.
कुठे दुखतं. किती दिवस. श्वास घ्या. सोडा.
तेवढ्या भांडवलावर मी वेलीकडे बोट करून विचारलं,
हिला कुठे दुखतं?
बाबा इतके हसले की खोकला लागला,
आणि मग मला खरंच विचारावं लागलं, किती दिवस.

तेव्हापासून मी ‘डॉक्टर’.
सिस्टर आहे हे तीनदा सांगून झालं.

आज जानेवारीचा शेवटचा शुक्रवार.
तिकडे दादांच्या बागेत
मण्यांत पाणी उतरत असेल,
कागद लावायची घाई असेल.
इथे याच दिवसांत छाटणी.
एकाच वेलीला दोन देशांत दोन पंचांगं.
बाबांनी गेल्या आठवड्यात दोन वेली
कशाही कापून ठेवल्या होत्या, शेळीने खाल्ल्यासारख्या.
उरलेल्या दोन माझ्यासाठी राखल्या.
मी कात्री घेतली, काडी वाकवून पाहिली,
दोन डोळे ठेवले, तिसऱ्याच्या खाली तिरका काप.
डोळे मोजायला दादांनी शिकवलं मला
आणि नंतर नर्सिंगला पाठवलं.
मोफिजुल शिडी धरून उभा होता.
म्हणाला, पंपाचं पाणी दरवर्षी खारट होत चाललंय,
बाबा चहातही तेच घालतात.
बाबांना हिंदी कळत नाही,
की त्यांनी न कळल्यासारखं केलं.

मग मला ते दिसलं.
गेल्या आठवड्यातल्या एका कापावर
थेंब जमला होता.
फुगला, लोंबला, पडला.
मग दुसरा.
छातीवरचं घड्याळ आपोआप हातात आलं,
सवय ती.
मिनिटाला अकरा.

बाबांनी विचारलं, कशी आहे?
मी म्हटलं, बरी आहे. श्वास घेतेय.

परतताना समुद्राकडून वारा समोर आला.
टोपलीत शेरभर लिंबं,
डोळ्यांवर झोप.
पात्रात उतरताना मी उगीचच
खांबाच्या सगळ्यात खालच्या रेघेकडे पाहिलं
आणि पहिल्यांदाच
घंटी वाजवली.