शनिवारची पिशवी

शनिवारी रात्री भांडी पालथी पडली की
फोनवर चौघींच्या पिशव्या उघडतात.
ब तुकडी, शेवटचा बाक आणि त्याच्या पुढचा.

नागरत्ना गोकाकची.
नवा झारा, दोन किलो शेंगदाणे,
आणि शेजारी दुकानाची पावती, मुद्दाम.
शाळेत तिनं आम्हाला कन्नड आकडे शिकवले होते,
आम्ही अजून चुकतो.
ओट्टु म्हणजे एकूण गे, एकूण,
किती वेळा सांगू.
कुणी काही घेतलं की पहिला प्रश्न तिचाच :
ओट्टु किती?

तबस्सुम निपाणीची. तिच्या फोटोत
वस्तूपेक्षा लेकाचे पायच जास्त.
तीन जोड मोजे, खाकी कव्हरं,
एकदा नुसता खोडरबर,
खाली लिहिलेलं : जूनपासून हा सातवा.
त्या एका खोडरबरावर आम्ही अर्धा तास काढला.
खातो काय गं तो?

मी शहापुरातून गाळणी पाठवली.
लिहिलं, जुनीला भोक पडलं.
नागरत्ना म्हणाली, गाळणीला भोकंच असतात की गे.
हसताना हे जागे झाले,
कूस बदलून परत झोपले.

आणि खानापूरची वैजयंता.
तिचे फोटो सगळ्यांत देखणे.
पाच लिटरचा कुकर,
पिवळ्या काठाच्या ताटांचा सेट,
उभा पंखा, तीन बर्नरची काचेची शेगडी.
घेतलीस?
मग काय!
आम्ही फुलं पाठवायचो, टाळ्या पाठवायचो,
आणि मी आमच्या शेगडीचा तेलकट कोपरा
ओल्या फडक्यानं पुसत राहायचे.

मे महिन्यात खानापुरात एक बारसं होतं.
येताना न सांगता तिच्याकडे उतरले.
तिनं चहा टाकला. दोनच बर्नर,
त्यातला एक पेटत नव्हता.
कुकरच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली.
गेल्या सालच्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन
ती मला वारा घालत बसली,
उकडतंय नव्हं, उकडतंय नव्हं, म्हणत.
मी बशीत बघत चहा प्याले.
दोनदा मागून घेतला.

परतीच्या बसमध्ये तिचे जुने फोटो उघडले.
कुकरमागे तसेच आणखी तीन कुकर.
पंख्याच्या दांडीवर एक अंगठा,
जाड, लाल खड्याची अंगठी, पुरुषाचा.
शेगडीच्या काचेवर चिकटवलेला कागद,
कन्नडमध्ये एकच शब्द.
देसूर मागे पडेपर्यंत मी अक्षर अक्षर जुळवत होते.
मु. ट्ट. बे. डि.
मुट्टबेडि.
हात लावू नये.

मग डोक्यात आलं,
नागरत्नाला हे अक्षर अक्षर जुळवावं लागलं नसणार.
तिनं पहिल्याच शनिवारी वाचलं असणार,
एका नजरेत, आपण "चहा" वाचतो तसं.
मी वर वर सरकवत गेले, दोन वर्षं मागं :
रंग झकास. काच जाड दिसत्ये. जपून वापर.
वैजयंताला तिनं
ओट्टु कधी विचारलंच नव्हतं.

कुणाला काही बोलले नाही.
तबस्सुमला तर नाहीच, ती रडली असती.

परवा खडेबाजारात
काचेमागं एक इरकल होती, जांभळी,
पदराला लाल कड.
दुकानातला पोरगा म्हणाला, आत या की मावशी.
नको रे, म्हटलं, इथनंच बरी दिसते.
फोन काढला. उन्हाची तिरीप टाळून
दोनदा काढला फोटो, दुसरा चांगला आला.

शनिवारी पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
तबस्सुम : अय्या!
वैजयंता : घेतलीस?
मी : मग काय.

नागरत्ना बराच वेळ लिहीत होती,
थांबत होती, परत लिहीत होती.
शेवटी एवढंच आलं :
जांभळा शोभतो तुला. शाळेपासून.