सकाळ, दुपार, रात्र

खणभागातल्या आमच्या मेडिकलमध्ये
सुट्या गोळ्या द्यायच्या कागदी पाकिटांवर
तीन चौकोन छापलेले असतात:
सकाळ, दुपार, रात्र.
शेकडा पस्तीस रुपये.
माझी नाणी त्यांत राहतात.

अल्बमची किंमत विचारून आले होते.
तेवढ्यात घरात महिन्याचं शेंगतेल येतं.
म्हणून पाकिटं. आणि एका पाकिटात एकच.
दोन ठेवली की घासतात एकमेकींना
एका चुलीवरच्या जावांसारखी.

पहिल्यांदा मीही चुकलेच.
सत्तावन्न सालचा एक नवा पैसा
चिंच लावून समईसारखा लख्ख केला
आणि मगदूम आण्णांना दाखवला.
एस.टी.त एकतीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस,
रक्तदाबाची गोळी न्यायला यायचे.
त्यांनी पैसा कडेनं धरला, ट्यूबलाइटखाली फिरवला.
"पोरी, साठ वर्षं पुसलीस की गं."
मग पिशवीतनं सुटे काढून
बिलाचे पैसे मोजून दिले.

तिथून पुढं दर महिन्याला एक गोष्ट,
पट्टी कापून होईस्तोवर सांगून होईल एवढीच.
मऊ प्लास्टिकात घालू नको, हिरवा घाम येतो.
चपलांच्या खोक्यात बारक्या पुड्या असतात,
'खाऊ नये' लिहिलेल्या, त्या दुकानदार फेकतो, माग त्याच्याकडं.
लग्नपत्रिका रद्दीत घालू नको,
जाड पुठ्ठ्याला खिडकी पाड.
सनाखाली बघ:
हिरा असला तर मुंबई, चांदणी हैदराबाद,
ठिपका नोएडा,
आणि काहीच नसलं तर कोलकाता.
"नाव पेन्सिलनं लिहायचं."
"का?"
"लिही तर."

मी लिहिलं जांभळ्या स्केचपेननं.
माझं अक्षर चांगलं आहे.

त्या ऑगस्टात कृष्णा दुकानात आली.
काउंटर ओलांडून आत, गिऱ्हाइकानं येऊ नये तिथं,
तिसऱ्या फळीपर्यंत.
आठ दिवसांनी शटर वर केलं
तर खोकल्याच्या औषधांवर बोटभर गाळ
आणि माझं खोकं म्हणजे जांभळा लगदा.
पुलावरून लोक हात जोडून नदीला पैसे टाकतात.
ती माझ्याकडं येऊन सगळे बघून गेली,
एकही नेला नाही.
शाई तेवढी नेली.

वीस पैशांचं पितळी कमळ कुणी दिलं होतं?
दोन पैशांचं नागमोडी कुठल्या गल्ल्यातलं?
नाणी होती. त्यांचं येणं गेलं होतं.
एकच पाकीट वाचता येत होतं,
आण्णांनी स्वतः लिहून दिलेलं,
शिसपेन्सिलीचं, तिरकं, धावत्या गाडीतलं अक्षर:
'भोकाचा पैसा, १९४५. माझ्या करगोट्यातला.'

आण्णा त्यानंतर आले नाहीत.
दिवाळीच्या तोंडावर सून आली,
कापलेली पट्टी घेऊन, अकरा गोळ्या शिल्लक.
"परत घेता का?"
कापलेली घेत नाहीत.
मी घेतली.

आता सगळं पेन्सिलनं.
इंजेक्शनच्या बाटल्यांचं खणांचं खोकं मिळालंय फुकट,
त्यात पाकिटं उभी करून लावते.
बाजारात चालतात ती सकाळ,
बंद झालेली चाराणे-आठाणे दुपार,
राजाच्या मुकुटाची रात्र.
गोळ्यांसारखी त्या त्या चौकोनात फुली मारते.
चिंचेनं घासलेला पैसाही ठेवलाय, दुपारमध्ये.
काळवंडायला लागलाय हळूहळू, बरं वाटतं.

भोकाच्या पैशावर मुकुट आहे, म्हणजे रात्र.
पण त्या पाकिटावर फुली नाही मारली.
काळा दोरा आणून ठेवलाय शेजारी.
ओवला नाही.